शोगुनची एक्झिट

जपानच्या यादवीतली तोबा-फुशिमीची लढाई प्रत्यक्षात चार-पाच दिवसांत आटोपली होती. बहारीनमध्ये, मनामातल्या आमच्या घरी ती चार महिने चालली. सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावर आमचे दोन खोल्यांचे घर होते. जेवणाच्या टेबलावर बाबांनी नकाशा पसरला होता आणि त्यावर सैन्ये मांडली होती. शोगुनचे सैन्य मसुराचे, विरुद्ध बाजूचे तांदळाचे. मसूर तांदळाच्या तिप्पट होते. खिडकीतल्या एसीचे पाणी दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात ठिबकत असे, खालून शिलाई मशीनची घरघर येई, कोपऱ्यावरच्या भट्टीतून खुबूस रोट्या भाजल्याचा वास येई, आणि आई हातात सुरमईच्या तळलेल्या तुकड्यांचे ताट घेऊन उभी राही. सुरमईला तिथे चनाद म्हणतात. "तुमचं सैन्य उचला, पोरांना जेवू दे," ती म्हणे. बाबा मसूर एका वाटीत भरत आणि तांदूळ दुसरीत. जेवण झाले की लढाई पुन्हा जिथल्या तिथे. या शिस्तीचे आईला कौतुक नव्हते. एकदा तिने मसुराची वाटी आमटीत टाकली. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि शोगुनचे सैन्य दुकानातून नवे आणले गेले.

बाबा जहाजदुरुस्तीच्या गोदीत ड्राफ्ट्समन होते. तिथला एक जपानी सुपरवायझर मायदेशी परतताना त्यांना या युद्धावरचे इंग्रजी पुस्तक देऊन गेला. तो ते पुस्तक का देऊन गेला हे कधी कळले नाही. बहुधा सामान जास्त झाले असावे. बाबांना मात्र आपली निवड झाल्यासारखे वाटले. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक नाटक होत असे. त्या वर्षी ते तोबा-फुशिमीवर होईल, असे त्यांनी कार्यकारिणीला सांगितले. कार्यकारिणीला ती लढाई ठाऊक नव्हती. त्यामुळे कोणी विरोध केला नाही.

लढाईची हकिगत थोडक्यात अशी. शोगुन हा जपानचा लष्करी सत्ताधीश. सम्राट क्योतोत, नावापुरता. दक्षिणेकडच्या सरदारांनी सम्राटाला हाताशी धरून शोगुनविरुद्ध बंड केले. शोगुनचे सैन्य ओसाकाहून क्योतोकडे निघाले, तिप्पट संख्येच्या भरवशावर, आघाडीच्या काही तुकड्यांच्या बंदुकांत तर गोळ्याही भरलेल्या नव्हत्या. तोबा आणि फुशिमी इथे वाट अडवलेली होती. दुसऱ्या दिवशी शत्रूने किनखापाचा झेंडा उभारला. हा झेंडा सम्राटाचा, म्हणजे त्याच्यासमोर शस्त्र धरणारा राजद्रोही. असा झेंडा त्या सैन्यातल्या कोणी किंवा त्यांच्या आज्यापणज्यांनी पाहिलेला नव्हता. तो नुकताच बाजारातून कापड आणून, कोणीतरी मनाने बेतलेल्या नमुन्यावरून शिवून घेतलेला होता. तरी माणसे कचरली. माघार घेताना त्यांच्याच बाजूच्या एका किल्ल्याने दरवाजे लावून घेतले. शेवटी ओसाकाच्या किल्ल्यात शोगुनने सैनिकांना जमवून सांगितले की आता मी स्वतः आघाडीवर येतो. सैनिकांनी जयघोष केला. त्याच रात्री तो मोजक्या माणसांसह मागच्या बाजूने निघाला, बंदरावर गेला आणि युद्धनौकेत बसून आपल्या राजधानीकडे रवाना झाला. सैन्याला सकाळी कळले. पुढे तो पुष्कळ वर्षे जगला. फोटो काढत असे. सायकल चालवत असे.

नाटकाचा शेवटचा प्रवेश बाबांनी ओसाकाच्या किल्ल्यातच ठेवला. शोगुन भाषण करतो, "रात्र फार झाली, तुम्ही विश्रांती घ्या," असे म्हणून डावीकडून निघून जातो. दारावरचा एक शिपाई रिकामे आसन पाहतो, भाला खाली ठेवतो आणि बोलू लागतो. त्याच्या बोलण्याच्या अखेरीस मागे शत्रूचा झेंडा चढतो. पडदा. झेंडा प्रत्यक्षात आधीच्या लढाईत दिसला होता, हा क्रम बदलावा लागल्याची बाबांना खंत होती. तेवढा एकच बदल आपण केला आहे, असे ते प्रत्येकाला सांगत.

मंडळाच्या नाटकांची एक रीत होती. बडी माणसे पाठांतर करत नसत. बँकेतले, विमा कंपन्यांतले, मोठ्या हुद्द्यांवरचे लोक प्रमुख भूमिका घेत आणि प्रॉम्प्टरच्या आधारावर नाटक ओढून नेत. त्यांना वेळ नसे, असे समजले जाई. कामगारांच्या कॅम्पवर राहणारे सुतार, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक हे सैनिक, भालदार, प्रेते असत, आणि त्यांना आपले एखादे वाक्यच काय, सगळे नाटक पाठ असे. प्रॉम्प्टर मी होते. वय पंधरा, आवाज बारीक पण धारदार. तीन वर्षे विंगेत बसून मी मनामातल्या प्रतिष्ठित मराठी माणसांच्या तोंडी शब्द घातले. पुढे वृत्तपत्रात तीस वर्षे बरेचसे हेच केले.

शोगुन झाले होते मंडळाचे अध्यक्ष वर्तककाका, एका कंत्राटदार कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर. उंच, गोरे, बोलताना हनुवटी वर. शिपाई होता शांताराम गुरव, त्याच कंपनीच्या मुहर्रक गावातल्या वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट, म्हणजे थंड हवेच्या पत्र्याच्या नळ्या, बनवणारा, राजापूरकडचा. वर्तककाका त्याच्या साहेबांचे साहेब होते. शांतारामने सगळ्या सैन्याची चिलखते डक्टच्या पत्र्याच्या तुकड्यांची केली, आतून इन्सुलेशनचे चंदेरी अस्तर लावून. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो बसने दोन गाठोडी घेऊन येई. खुर्च्या असूनही जमिनीवर बसून जेवे. आईच्या हातच्या घावनांवर त्याचा जीव होता.

"सायब, माज्या खोलीतल्या आठही जणांना माझं भाषण पाठ झालंय," तो एकदा बाबांना म्हणाला. "मी आंघोळीला गेलो की भायेरनं एकजण पुढची ओळ सांगतो. सगळा कॅम्प येणार हाय बघायला. बस ठरवलीय."

"तुझा भाऊ येणार होता ना इकडे? त्याचं काय झालं?" आईने विचारले.

"व्हिसाचे पेपर वर्तक सायबांच्या टेबलावर हायत, वयनी. सही झाली की खलास. इंशाल्ला, दिवाळीपर्यंत."

झेंड्यासाठी आईने सूकमधून लाल किनखाप आणायचे ठरले होते. कार्यकारिणीतल्या बायका म्हणाल्या, लाल कशाला, भगवा घ्या, शिवजयंतीलाही उपयोगी पडेल. बाबा म्हणाले, तो लालच होता. बायकांनी विचारले, कोणी पाहिला आहे? भगवा किनखाप आला, त्यावर सोनेरी गोल शिवला गेला. आमच्या घरातली ही पहिली माघार. तिची नोंद कोणी घेतली नाही.

दुसरी माघार प्रयोगाच्या आधीच्या शुक्रवारी झाली. वर्तककाका घरी आले. आईने साबुदाण्याचे वडे केले होते. त्यांनी दोन खाल्ले, रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "नाटक उत्तम आहे. फक्त शेवट बदला."

"म्हणजे?"

"शोगुन पळत नाही. तो थांबतो. ते शिपायाचं भाषण आहे ना, तेच तो करतो. मग लढत लढत पडतो. बघा, टाळ्याच टाळ्या."

"पण तो पळाला होता," बाबा म्हणाले.

"जपानमध्ये पळाला असेल हो. बहारीनमध्ये कोणाला माहीत आहे?" वर्तककाका हसले. "समोर माझ्या कंपनीची माणसं बसणार. आमचे डायरेक्टर पहिल्या रांगेत. त्यांच्यादेखत मी मागच्या दारानं पळू? उद्या ऑफिसात तोंड कसं दाखवू?"

"शांतारामनं मेहनत घेतलीय."

"त्याला भाला द्या. उभा राहील. त्याला काय!"

बाबांनी नकाशाकडे पाहिले. मसूर जागच्या जागी होते. "बघतो," ते म्हणाले. आमच्या घरात "बघतो" याचा अर्थ होकार असा होता आणि वर्तककाकांनाही तो माहीत होता. त्यांनी तिसरा वडा घेतला.

ते गेल्यावर आई म्हणाली, "शांतारामला तुम्ही सांगा. आजच सांगा. माणूस बस ठरवून बसलाय."

"मी सांगतो," बाबा म्हणाले. "योग्य वेळी."

त्यांनी चार नवी पाने लिहिली. मी ती प्रॉम्प्टिंगच्या वहीत स्वच्छ अक्षरात उतरवली. जुनी चार पाने त्यांनी फाडायला सांगितली होती. मी ती फाडली नाहीत, वहीच्या शेवटी ठेवली. त्यामागे काही बेत होता असे आज सांगणे सोपे आहे. बेत नव्हता. अक्षर चांगले आले होते एवढेच.

हे मी आज बहारीनमधल्याच बुदैयात, माझ्या धाकट्या भावाच्या घरी बसून लिहिते आहे. तो इथेच राहिला, त्याच्या मुलांना मराठी कळते आणि ती इंग्रजीत उत्तर देतात. लढाईची हकिगत सांगितल्यावर मोठीने विचारले की शोगुनला शिक्षा काय झाली. सायकल, असे मी सांगितले. तिला तो विनोद वाटला.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी पाचला शांताराम मेकअप करून, चिलखत घालून तयार होता. त्याला अजून कोणी काही सांगितले नव्हते. बाबा प्रकाशयोजना तपासत होते. ती सकाळीच दोनदा तपासून झाली होती. बातमी शेवटी वर्तककाकांनीच दिली, आरशात बघून मिशी चिकटवता चिकटवता. "शांताराम, तुझं भाषण आज मी करणार. तू दारावर उभा राहा. ताठ राहा मात्र, पोक काढू नकोस."

शांतारामने बाबा कुठे दिसतात का ते पाहिले. ते दिसले नाहीत. मग माझ्याकडे पाहिले. मी वहीत पाहिले.

"बरं सायब," तो म्हणाला.

बाहेर कॅम्पची बस आली होती. माणसे इस्त्रीचे शर्ट घालून, केस चापून मागच्या रांगांत बसली. पहिल्या रांगेत डायरेक्टर, त्यांच्या शेजारी कार्यकारिणीच्या बायका. सभागृहात अगरबत्ती, अत्तर आणि नव्या कापडाचा वास होता. पहिले दोन अंक नेहमीसारखे झाले. जपानी सरदार एकमेकांना नमस्कार करत होते. एकाची मिशी पडली आणि ती दुसऱ्याने मुजरा केल्याच्या आविर्भावात उचलली. तोफेचा आवाज म्हणून पत्रा बडवायचा होता, तो एक वाक्य आधी बडवला गेला. त्यामुळे ज्याने "तोफ डागा" म्हणायचे तो "डागली" म्हणाला. प्रेक्षकांना काही खटकले नाही. मंडळाच्या प्रेक्षकांना कधीच काही खटकत नसे.

शेवटच्या प्रवेशाला मी डाव्या विंगेत, हातभर अंतरावर होते. वर्तककाका आसनावर बसले आणि त्यांनी कान माझ्या बाजूला केला. उजवीकडे दाराशी शांताराम भाला घेऊन उभा होता. तो प्रेक्षकांकडे बघत नव्हता. मी वही उघडली, नवी पाने उलटून मागे टाकली आणि जुनी वाचू लागले.

"उद्या मी स्वतः आघाडीवर असेन," मी कुजबुजले.

"उद्या मी स्वतः आघाडीवर असेन!" वर्तककाका गरजले.

"रात्र फार झाली, तुम्ही विश्रांती घ्या."

"रात्र फार झाली, तुम्ही विश्रांती घ्या!"

मग ते उठले. तीन महिने तालमीत याच वाक्यावर ते डावीकडे निघाले होते. नवी पाने त्यांनी वाचलेली नव्हती, वाचण्याची त्यांची रीतच नव्हती. पायांनी सवयीचे काम केले. ते विंगेत आले, माझ्या शेजारी उभे राहिले, घाम पुसला आणि म्हणाले, "हं, पुढं काय?"

"झालं काका. तुमची एक्झिट झाली."

ते परत जायला वळले, पण रंगमंचावर शांतारामने भाला खाली ठेवला होता आणि तो मध्यभागी आला होता. मी त्याला एक शब्दही सांगितला नाही. त्याने रिकाम्या आसनाकडे पाहिले, मग प्रेक्षकांकडे, आणि आवाज न चढवता बोलू लागला. मागच्या रांगा एकदम शांत झाल्या. त्याचे ओठ हलत होते तसे तिथे आठ जणांचे हलत असणार.

पाचव्या ओळीला झेंडा चढला. तो शेवटच्या ओळीनंतर चढायचा होता, पण दोरी ओढणाऱ्याला नव्या शेवटाची खूण दिलेली होती आणि आता कोणत्या शेवटाचे नाटक चालले आहे हे त्याला कळेना. भगवा किनखाप, सोनेरी गोल, त्यावर मागून दिवा. सगळे सभागृह उठून उभे राहिले. "हर हर महादेव!" कार्यकारिणी ओरडली, बायका ओरडल्या, मागच्या रांगा तर बाकावर चढल्या. डायरेक्टरही उभे राहिले, सगळे उभे राहिले म्हणून. तो झेंडा शत्रूचा होता. ज्याचे भाषण ऐकायला माणसे बस करून आली होती त्याच्या पराभवाचा तो झेंडा होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या जपानी सैनिकांना मी तोवर मूर्ख समजत असे, कापड बघून हातपाय गाळणारे. त्या दिवसापासून समजत नाही. निदान त्यांना एकट्यांना नाही.

शांतारामने भाषण पुरे केले. गोंगाटात त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नसेल. मी वहीवर बोट ठेवून ऐकत होते. एक ओळ राहिली. पडदा पडला.

डायरेक्टरांनी वर्तककाकांचा हात हातात घेऊन झेंड्याची तारीफ केली. मग काका आमच्याकडे आले. बाबा आता सापडले होते. काकांनी काही विचारायच्या आत बाबा म्हणाले, "पोरीनं पानं चुकवली. लहान आहे, घाबरली."

मी घाबरले नव्हते आणि पानेही चुकवली नव्हती. पण मी तसे म्हटले नाही. वर्तककाकांनी माझ्या डोक्यावर थोपटले. "होतं असं. पण एक्झिट नैसर्गिक झाली की नाही?"

पुढच्या शुक्रवारी शांताराम चिलखते न्यायला आला. पत्रा वर्कशॉपचा होता, परत जायचा होता. आईने घावने केली होती. बाबा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते त्याच्या आडूनच म्हणाले, "भाषण झकास झालं हो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं."

"व्हय सायब," शांताराम म्हणाला. तो जेवला, ताट उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि हळू आवाजात मला विचारले, "बाय, खरं सांग. ऐकू गेलं का कुणाला?"

"नाही," मी म्हटले. "झेंड्याच्या गोंगाटात नाही गेलं."

"खोलीतले सांगतात, झेंडा लय भारी व्हता. भाषणाचं कोण काय बोलत नाय." तो थोडा हसला. "तू तरी ऐकलंस?"

"सगळं. एक ओळ विसरलात."

"कुठली?"

मी ती सांगितली. आम्ही हरलो हे लिहा, पण आमचा धनी आम्हाला सांगून गेला नाही, हेही लिहा.

शांतारामने ताट खाली ठेवले. "इसरलो नाय, बाय. गाळली. तू ज्या इंगेत बसलीस तितंच वर्तक सायब उभे व्हते, माज्या तोंडाकडं बघत. भावाच्या पेपरावर सही झाली नाय अजून. तुजं बरं हाय, तू पानं परतू शकतेस."

त्यात राग नव्हता. तो डक्टचे माप सांगावे तसे सांगत होता. आठवडाभर मी स्वतःला शूर समजत होते. माझा व्हिसा बाबांच्या व्हिसावर होता आणि बाबांचा गोदीच्या हातात, वर्तककाकांच्या नव्हे. मी पाने उलटली त्याची किंमत देण्याची पाळी कोणावर येणार होती, हा विचार मी केला नव्हता. पुढे बातम्यांवर काम करताना एखादी ओळ दिसली नाही की ती चुकून राहिली की गाळली, हे मी आधी विचारत असे. ते मी कुठे शिकले, हे तिथे कोणाला सांगितले नाही. शांतारामच्या भावाचा व्हिसा दिवाळीच्या आत आला. ती ओळ बोलली गेली असती तर आला असता का, हे माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

"इथे वर्तककाका नाहीत," मी म्हटले. "आता म्हणा."

त्याने बाहेरच्या खोलीकडे पाहिले. वर्तमानपत्र उभे होते. आईने गॅस बंद केला. शांताराम चिलखताविना, लुंगी आणि बनियनवर, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने नाटकातला आवाज काढला नाही.

"आमी हरलो हे लिवा," तो म्हणाला. "पण आमचा धनी आमाला सांगून गेला नाय, हेबी लिवा."

बाहेर वर्तमानपत्राची सळसळ थांबली. मग खुर्ची सरकली. बाबा स्वयंपाकघराकडे येतील असे मला वाटले. आईलाही वाटले असावे, कारण तिने पदर नीट केला. बाल्कनीचे दार उघडले आणि बाहेरून ओढून घेतले गेले. आमच्या बाल्कनीला खाली उतरायला जिना नव्हता.